आर्किटेक्टने झोपडपट्ट्यांवरच्या संशोधनाकडे कसं वळावं?

तुम्ही विचारलंय की बी.आर्क. झालंय, वस्त्यांवर संशोधन करायचंय, तर आधी मास्टर्स करू की एखाद्या संस्थेत लागू? संस्थेत लागा. मास्टर्स कुठे पळून जात नाही.

2010 साली मी मुंबईत एका ऑफिसात एसआरएची, म्हणजे झोपडीच्या बदल्यात फुकट फ्लॅट देणाऱ्या पुनर्वसन योजनेची, ड्रॉइंग्ज करायचे. 269 चौरस फुटांचा एक फ्लॅट काढायचा, मिरर मारायचा, मजल्यावर मजले चढवायचे. जेवणाच्या सुट्टीआधी इमारत तयार. एकदा सर्व्हेला माणूस कमी पडला म्हणून मला कुर्ल्याच्या एका वस्तीत पाठवलं. दहा बाय बाराची खोली. टेपचं एक टोक घरातल्या पोराच्या हातात. फॉर्मवर लिहिलं, खोली 1, माणसं 5. मोरीत भांडी घासत बसलेल्या मावशी मान वर न करता म्हणाल्या, "आन वरचे?"

शिडी बाहेरून होती, मला दिसलीच नव्हती. पोटमाळ्यावर तिघं झोपलेले, हॉटेलातल्या रात्रपाळीचे. रात्री त्याच गाद्यांवर दुसरे तिघं. त्यांच्या भाड्यातून मावशींच्या मुलीच्या क्लासची फी जायची. फॉर्मवर त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. पोटमाळ्यावरचा फुकट घराला अपात्र, मग मोजायचा कशाला!

मी समासात लिहून आणलं. आमचे सर म्हणाले, "आपण आर्किटेक्ट आहोत, तलाठी नाही."

तेव्हा गप्प बसले. आता सांगते, तलाठी निदान पीकपाहणीला बांधावर जायचा. (जायला हवा होता, असं म्हणू.) आणि अशा मोजणीत डिझाइन नाही म्हणणाऱ्यांनी पुण्यात येरवड्याला जाऊन यावं. तिथे जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-सुधारणा योजनेच्या पैशातून, लोकांचा 10 टक्के वाटा घेऊन, जुन्या घरांच्याच जागी 270 चौरस फुटांची पक्की घरं बांधली. आर्किटेक्ट प्रसन्न देसाई, सोबत महिला मिलन या वस्त्यांमधल्या बायकांच्याच संघटनेच्या बायका. शेजार मोडला नाही, गल्ल्या राहिल्या. कोण कुठे आणि कसं राहतं हे आधी ठाऊक नसतं तर हे जमलंच नसतं. शेल्टर असोसिएट्स ही संस्थाही पुण्यातलीच, 1993 पासूनची. ती उभी करणाऱ्या प्रतिमा जोशी मूळच्या आर्किटेक्ट, पण त्यांचं काम घराघराच्या माहितीवर आणि वस्त्यांच्या नकाशांवर उभं आहे. अशा ठिकाणी दोन वर्षं काढा, संशोधनाचा प्रश्न आपोआप सापडेल. प्रश्न हातात नसताना पीएच.डी.ला बसलेले मी पुष्कळ पाहिलेत.

हो, पगाराचं राहिलंच. ऑफिस सोडून संस्थेत लागले तेव्हा माझा पगार निम्म्यावर आला होता आणि घराचा हप्ता नवरा भरत होता. कर्ज अंगावर असेल तर माझं ऐकू नका, आधी ते फेडा.

गेल्या वर्षी त्याच ऑफिसातून फोन आला होता. "मॅडम, तुमच्याकडे त्या वस्तीचा पोटमाळ्यांसकट नकाशा आहे म्हणे, मिळेल का?" म्हटलं, नकाशा वस्तीचा आहे, तिथल्या बायकांना जाऊन विचारा. शिडी बाहेरून आहे.