अंदमान जमेल, पण आधी सोनं सोडवा

खानापूरजवळ राहणाऱ्या आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात काम करणाऱ्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ३७, हातात पगार ४६,०००, मुलं नऊ आणि पाच वर्षांची. डिसेंबरअखेर चौघांना अंदमानला जायचंय, स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क लावून पाण्याखालचं बघणं, करायचंय. अंदाज १,३०,००० चा. पिग्मीत, म्हणजे रोज थोडे पैसे टाकायच्या बचत खात्यात, ८५,००० जमलेत. उरलेले ४५,००० सोन्यावरचं कर्ज वाढवून घ्यावेत की ट्रॅव्हल एजंटच्या मासिक हप्त्यांवर, एवढंच त्यांनी विचारलंय.

दोन्ही नको. पण सोन्यावरचं कर्ज ‘वाढवून’ म्हणजे ते आधीच आहे, आणि ते कशासाठी काढलं हे पत्राच्या तळाशी एका ओळीत आलंय: विमा पॉलिसीचे गेले दोन हप्ते बायकोचं सोनं सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेत, गहाण ठेवून भरले. खरी गोम इथे आहे.

पॉलिसी २० वर्षांची, हप्ता वर्षाला ६०,०००, विमा १२ लाखांचा. एजंट नात्यातले आहेत आणि ‘शेवटी २२ लाख मिळतील’ म्हणतात. समजा मिळाले. तरी वर्षाला परतावा साडेपाच टक्के पडतो, तोही बोनस आजच्यासारखाच मिळत राहिला तर. सोसायटी तुमच्याकडून १२ टक्के घेते. १,२०,००० वर व्याज १४,४००, तेवढ्याच रकमेवर पॉलिसीची कमाई साडेसहा हजार. म्हणजे वर्षाला आठेक हजार रुपये निव्वळ पदरचे. ‘दरवर्षी व्याज भरून नवं करून घेतो’ असं तुम्ही सहज लिहिलंय. यात मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही. ज्याला हप्ता भरायला सोनं गहाण ठेवावं लागतं, त्याला हा हप्ता झेपत नव्हता. हे विकणाऱ्याला पहिल्या दिवशीच दिसायला हवं होतं. नातं असलं तरी कमिशन सुटत नाही.

विम्याचं तर बोलायलाच नको. घरखर्च ३५,००० धरला तर १२ लाखांत तीन वर्षंही निघत नाहीत. साठीपर्यंतचा एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे शेवटी पैसे परत न देणारा नुसता विमा, तुमच्या वयाला वर्षाला साधारण १५ ते २० हजारांत मिळतो. तंबाखू खात असाल तर फॉर्मवर तसं लिहा. हप्ता वाढेल, पण लपवलंत तर क्लेमच्या वेळी बायकोला हेलपाटे घालावे लागतील.

टर्म प्लॅनचा कागद हातात आल्यावरच जुनी पॉलिसी बंद करा, आधी नाही. शाखेत लेखी अर्ज देऊन दोन आकडे मागा: सरेंडर केल्यास, म्हणजे पॉलिसी मोडून आत्ताच पैसे घेतल्यास किती आणि पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी मुदतीपर्यंत तशीच ठेवल्यास किती. अशा पारंपरिक पॉलिसीत चौथ्या वर्षी भरलेल्या हप्त्यांच्या किमान निम्मे मिळतात. तुम्ही २,४०,००० भरलेत, म्हणजे १,२०,००० तरी. पेड-अप केलीत तर २,४०,००० अधिक आजवरचा १,८०,००० बोनस, असे ४,२०,००० मिळतील, पण १६ वर्षांनी. हा सौदा आठ टक्क्यांच्या आसपास बसतो. कर्ज नसतं तर मी पेड-अपच सांगितलं असतं. डोक्यावर १२ टक्के असताना सरेंडर करा आणि त्याच आठवड्यात सोनं सोडवून आणा. एजंट म्हणतील ‘निम्मे बुडाले’. बुडाले ते पॉलिसी घेतली तेव्हाच.

यापुढे वर्षाला हप्त्याचे ६०,००० आणि व्याजाचे १४,४०० वाचतील. टर्म प्लॅनचा हप्ता वजा करून उरेल ते आधी बँकेत साठवा, दीड लाख होईपर्यंत. ती अडीअडचणीची रक्कम.

आता अंदमान. डिसेंबरअखेर बेंगळुरूहून विमानाचं जाऊन-येऊन तिकीट माणशी १८,००० च्या घरात जातं आणि पाच वर्षांच्या मुलालाही जागेचे पूर्ण पैसे पडतात. चौघांचे ७२,००० नुसते विमानात. एप्रिलच्या मध्यावर शाळेला सुट्टी लागलेली असते, समुद्र शांत असतो आणि आधी काढलं तर तिकीट १२,००० च्या आसपास मिळू शकतं. खर्च लाखाच्या थोडा वर येईल. पिग्मीत रोज १५० टाकता, सहा महिन्यांत २७,००० होतील. ८५,००० मिळवून १,१२,०००. कर्ज कशाला?

स्वराज द्वीपहून (पूर्वीचं हॅवलॉक) परतीची फेरी बोट विमानाच्या आदल्या दिवशीची घ्या आणि शेवटची रात्र श्री विजय पुरममध्ये (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) काढा. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, विमान थांबत नाही. धाकट्याला भाड्याचा मास्क बहुधा सैल बसेल आणि पाणी आत येईल. त्याला काचेच्या तळाची बोट बरी. नुसतं पाण्यात डोकावायचंच असेल तर आंबोलीमार्गे चार-साडेचार तासांवर मालवण आहे, तीन दिवसांत २५,००० पुरतात.

एक राहिलं. पिग्मी सोसायटीत आहे, बँकेत नाही. पाच लाखांपर्यंतचं ठेव-विम्याचं संरक्षण बँकेतल्या ठेवींना असतं, पतसंस्थेतल्या नाही. तिकिटं काढायच्या वेळी रक्कम उचला आणि उरलेली परत तिथे ठेवू नका. मुदतीआधी काढल्यास किती कापतात, ते पिग्मी एजंटला आजच विचारून ठेवा.