फिक्सीवर वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं, फ्रेम बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की नवीन फिक्सी (चाक फिरतं तोवर पेडलही फिरतच राहतं अशी सायकल) घेतली, फ्रेम लहान मापाची आहे, हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या टायरला घासतं आणि ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं की फ्रेमच चुकलीये, विकून टाका. विकू नका हो, निदान आधी मोजून तरी बघा. मी स्वतः लहान फ्रेमची फिक्सी चालवते, माझाही बूट लागतो, आणि तरी ती सायकल मला सोडावीशी वाटलेली नाही.

याला टो ओव्हरलॅप म्हणतात आणि लहान ट्रॅक फ्रेममध्ये (सायकल शर्यतीच्या ट्रॅकसाठीच्या घडणीची फ्रेम, तुमच्या फिक्सीसारखी) तो असतोच म्हटलं तरी चालेल. कारण साधं आहे, फ्रेम लहान झाली तरी चाक तेच ७००सी, म्हणजे मोठ्या फ्रेमला असतं त्याच मापाचं, राहतं, त्यातून ट्रॅक फ्रेमची पुढची नळी जास्त उभी असते, ७४-७५ अंशांपर्यंत, आणि फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा) पुढे येणारा बाक कमी, त्यामुळे पुढचं चाक पायाच्या अगदी जवळ येतं. रोडबाईकवरही लहान मापात हेच होतं पण तिथे कोणाला फारसा त्रास होत नाही, कारण वळताना पाय थांबवता येतात, हवा तो पाय खाली ठेवायचा आणि वळायचं. फिक्सीवर चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच, म्हणून इथे तो नीट समजून घ्यावा लागतो.

आधी कुठला पाय लागतो ते बघा, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ असतो. सायकल उभी धरून हँडल डावीकडे वळवा आणि वरून बघा, चाकाचं पुढचं टोक डावीकडे गेलं पण मागचा भाग, म्हणजे पायाच्या बाजूचा, तो उजवीकडे आला. म्हणजे डावीकडे वळताना धोका उजव्या पायाला, आणि तोही पुढे आलेला असताना, क्रँक (पेडल जोडलेला दांडा) साधारण आडवा असतो तेव्हा. आतला पाय पुढे असेल तर हँडल कितीही वळवा, चाक त्याच्यापासून लांबच जातं. ट्रॅकस्टँड करताना, म्हणजे पाय न टेकता जागच्या जागी तोल सांभाळताना, जो पाय पुढे त्याच बाजूला चाक वळवतात ना, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता कोन मोजा. तुम्ही रोज घालता तेच बूट घालून सायकलवर बसा, भिंतीला टेका, कोणालातरी मागचं चाक जरा उचलून धरायला सांगा म्हणजे क्रँक आडवा करता येईल, आणि मग हँडल हळूहळू वळवा. बूट टायरला लागला की थांबा आणि चाक किती अंश वळलंय ते अंदाजाने बघा, फोनमधल्या कोनमापकानेही जमतं. दुसऱ्या बाजूलाही करा कारण दोन्ही पाय पेडलवर सारखेच ठेवले जातात असं नाही.

समजा २० अंशांवर लागलं. चाकांमधलं अंतर साधारण ९७ सेंमी धरलं तर २० अंशांचं वळण म्हणजे अंदाजे २.७ मीटर त्रिज्या, म्हणजे साडेपाच मीटर रुंदीत पूर्ण यू-टर्न. एवढं घट्ट वळण तुम्ही ताशी २० किमीने घ्यायला गेलात तर जवळपास ५० अंश झुकावं लागेल, जे फिक्सीवर शक्यच नाही कारण त्याच्या आधीच आतलं पेडल जमिनीला टेकेल. वेगात सायकल झुकून वळते, हँडल जेमतेम काही अंश फिरतं, त्यामुळे ओव्हरलॅपचा प्रश्न येतो तो फक्त चालण्याच्या वेगाला, यू-टर्नला, गेटमधून वळताना, गर्दीत आडव्या-तिडव्या वाटा काढताना. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी भीती जाते. मात्र तुमचा बूट १० अंशांतच लागत असेल तर गोष्ट वेगळी, ती फ्रेम तुमच्या पायाला खरंच फार आखूड आहे आणि तिथे मी चाक किंवा फ्रेम बदलायचाच विचार करीन.

२० च्या आसपास असेल तर पायांची वेळ साधायला शिका, आणि हे वाटतं तेवढं अवघड नाही. ४६-१६ चा गिअर (पुढच्या चक्राला ४६ दात, मागच्याला १६) असेल तर क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ६ मीटर जाते, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात ३ मीटर. या ३ मीटरमध्ये आतला पाय वरून पुढे येऊन खाली जातो, आणि हँडल जोरात वळवायचं ते तेवढ्यातच, मग बाहेरचा पाय पुढे येऊ लागला की हँडल जरा सैल सोडायचं, तो खाली गेला की परत वळवायचं. एकच घट्ट वळण असं दोन-तीन टप्प्यांत होतं. सुरुवातीला मोजून करावं लागतं, नंतर पाय आपोआप सांगतात. मोकळ्या मैदानात दोन बाटल्या ठेवून इंग्रजी आठचा आकडा काढत राहा, दोन्ही बाजूंनी, अगदी हळू, आणि बाटल्यांमधलं अंतर कमी करत जा.

थांबलेले असाल आणि निघताच वळायचं असेल तर आणखी सोपं. पुढचा ब्रेक धरा, हँडलवर वजन टाका, मागचं चाक उचललं जातं, मग पेडलच्या स्ट्रॅपमध्ये अडकवलेल्या पायाने क्रँक फिरवून आतलं पेडल वर आणि जरा पुढे आणून ठेवा. निघाल्यावर पहिले दोन-अडीच मीटर तुमचेच.

आणि लागलाच बूट तर? इथे जरा नीट वाचा. बूट टायरच्या बाहेरच्या बाजूला असेल तर नुसता घासतो, कारण पुढच्या चाकाचा मागचा भाग वर जात असतो आणि तुमचा पाय खाली येत असतो, खर्रकन आवाज येतो, हँडल किंचित सरळ केलं की सुटतो. पण हँडल खूप वळलेलं असताना बुटाचं टोक टायरच्या आतल्या बाजूला शिरलं तर हँडल सरळच होत नाही, आणि माणूस पडतो तो बहुतेक इथेच. अशा वेळी घाबरून पाय मागे दाबू नका, पाय थांबला की बूट तिथेच अडकून राहतो. पेडल पुढे जाऊ द्या, बूट खाली निघून जातो आणि हँडल मोकळं होतं. पुढचा ब्रेकही वळलेल्या चाकावर एकदम दाबू नका.

सामान बदलून किती फरक पडतो म्हणाल तर प्रत्येक गोष्टीने काही मिलिमीटर. १७० चा क्रँक काढून १६५ चा लावला तर ५ मिमी मिळतात, शिवाय वळताना पेडल जमिनीला टेकायची भीती कमी होते, म्हणून फिक्सीवर तो मला एरवीही आवडतो, फक्त सीट ५ मिमी वर घ्या. २८ चा टायर काढून २५ चा लावला तर साधारण ३ मिमी. सगळ्यात जास्त फरक पायाशीच पडतो. जाड रबरी टोकाचे बूट असतील तर बदला, लोखंडी टो क्लिप (पेडलवर बुटाचं टोक अडकवायचा पिंजरा) बुटाच्याही पुढे येते, त्याऐवजी आडवा रुंद स्ट्रॅप लावला तर पुढे काहीच राहत नाही. क्लीट (बुटाच्या तळाला लावायचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) वापरत असाल तर ती बोटांच्या बाजूला थोडी सरकवली की पाय तेवढा मागे येतो, पण गुडघा किंवा पोटरी कुरकुरायला लागली तर लगेच परत घ्या, दोन मिलिमीटरसाठी गुडघा पणाला लावू नये. आणि फिक्सीवर पाय मोकळा ठेवणं हा उपाय नाही, पेडल फिरत राहतं आणि पाय निसटला तर जास्त वाईट.

जास्त बाकाचा फोर्क लावा असंही कोणी सांगेल. चाक पुढे जातं हे खरं, पण त्याने ट्रेल कमी होतो, म्हणजे हँडलच्या नळीची रेघ जमिनीला मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर. ७४ अंशांच्या फ्रेमवर ३० मिमी बाकाऐवजी ४३ चा लावला तर ट्रेल साधारण ६५ वरून ५१ वर येतो, हँडल हलकं आणि चंचल लागायला लागतं, काहींना ते आवडतं, मला नाही. मोठ्या मापाची फ्रेम घेणं तर मुळीच नको, रोज हात ताणून चालवण्यापेक्षा कधीमधी बूट घासलेला परवडला. उंची खरंच कमी असेल तर पुढच्या वेळी ६५०सी चाकांची फ्रेम बघा, त्या चाकाची त्रिज्या सुमारे २५ मिमीने कमी असते.

ही सायकलवाल्यांची लबाडी आहे का, असंही तुम्ही विचारलंय. तसं नाही. अमेरिकेच्या सायकल सुरक्षा नियमात पेडलच्या मध्यापासून टायर किंवा मडगार्डपर्यंत किमान ८९ मिमी मोकळी जागा हवी असं आहे, पण टो क्लिपसारखी पाय धरून ठेवणारी सोय असलेल्या सायकलींना ती अट लागू नाही. पाय बांधून चालवायच्या सायकलीत ओव्हरलॅप चालवून घेतात तो असा.

एक राहिलं, मडगार्ड. ते लावलं की टायरच्या बाहेर आणखी सेंटीमीटरभर जागा खाल्ली जाते, म्हणजे आज २० अंशांवर लागणारा बूट त्याआधीच लागेल, आणि टायर निदान फिरून बूट झटकतो, मडगार्ड वाकतं आणि चाकात जातं. पावसासाठी लावायचंच असेल तर पुढे आखूड लावा, पेडलच्या उंचीच्या वरच संपणारं, किंवा पूर्ण लांबीचं असेल तर ज्याच्या तारा जोर पडला की फोर्कपासून सुटतात असं घ्या, आणि लावल्यावर कोन परत मोजा.