घड्याळात जास्तीचा एक सेकंद कशाला?

प्रश्न: आमची मच्छीमारीची बोट आहे. मुलगा कॉलेजात शिकतो, तो परवा म्हणाला की पृथ्वीचं फिरणं मंदावतंय म्हणून जगभरच्या घड्याळांत मधूनमधून एक सेकंद घालतात. हे खरं का? मग भरती-ओहोटीच्या टायमातही फरक पडत असेल ना?
– एक वाचक भगिनी, हर्णै, ता. दापोली

उत्तर: ताई, मुलगा बरोबर सांगतोय, फक्त गेली काही वर्षं हा सेकंद घालायची वेळच आलेली नाही.

पूर्वी सेकंदाचं माप पृथ्वीवरूनच ठरायचं, दिवसाचे ८६,४०० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सेकंद. पण पृथ्वी काही एका लयीत फिरत नाही, म्हणून १९६७ साली हे काम तिच्याकडून काढून सीझियमच्या अणूला दिलं, त्याची ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० कंपनं झाली की एक सेकंद. आता गोची अशी की हे माप बेतलं होतं एकोणिसाव्या शतकातल्या दिवसावर आणि तेव्हापासून दिवस किंचित लांबलाय, १९७२च्या सुमारास तो जवळपास तीन मिलिसेकंदांनी (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) जास्त भरत होता. तीन मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही हो, पण वाण्याकडच्या उधारीसारखं आहे ते, रोजचं कळत नाही आणि वर्षाने वही उघडली की पूर्ण एक सेकंद थकलेला. अणुघड्याळ आणि पृथ्वी यांच्यातला फरक ०.९ सेकंदापुढे जाऊ द्यायचा नाही असं ठरलेलं आहे, त्यावर पॅरिसची एक आंतरराष्ट्रीय संस्था लक्ष ठेवते आणि गरज पडली तर जून किंवा डिसेंबरच्या शेवटी एक सेकंद वाढवायला सांगते. पहिला वाढवला ३० जून १९७२ला, आतापर्यंत एकूण २७. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७च्या पहाटे आला, ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर साडेपाच न होता आधी ६०वा सेकंद पडला! आपण सगळे झोपेत.

आता पृथ्वी मंदावते का, तर याचं मुख्य कारण तुमच्या दारातच आहे. चंद्र समुद्राचं पाणी ओढून धरतो आणि पृथ्वी त्या फुगलेल्या पाण्याखालून फिरत राहते, त्यामुळे भरतीचं पाणी उथळ समुद्रात तळाला घासतं. आंजर्ल्याच्या खाडीत भरती शिरताना गाळ ढवळून पाणी कसं गढूळ होतं ते तुम्ही रोज बघताच, त्या घासण्यात जी ताकद खर्च होते ती पृथ्वीच्या फिरण्यातूनच जाते. चंद्रही याच भानगडीत दरवर्षी ३.८ सेंटीमीटर लांब सरकतोय. अर्थात पृथ्वीच्या पोटातल्या हालचालींमुळे मध्येच ती जरा जोरातही फिरते, ५ जुलै २०२४चा दिवस तर ८६,४०० सेकंदांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला. असंच चालू राहिलं तर उलट एक सेकंद काढावा लागेल, जे आजवर कधीच केलेलं नाही आणि कॉम्प्युटरवाल्यांना त्याचीच धास्ती आहे, कारण २०१२ला नुसता एक सेकंद वाढवला तर कितीतरी सर्व्हर लटकले, ऑस्ट्रेलियात विमानांचं चेक-इन अडकलं. म्हणून २०२२ साली ठरलं की २०३५पर्यंत ही ०.९ची मर्यादा वाढवायची, म्हणजे मग सारखं सेकंद घालणं नको.

मला विचाराल तर बरंच झालं. आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळच्या रेखांशावर, हर्णैला सूर्य त्यापेक्षा सरासरी ३७-३८ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, फेब्रुवारीत तर १२:५० होऊन जातात. एवढी तफावत आपण वर्षानुवर्षं खपवून घेतोय, कुणाची तक्रार नाही, आणि ५० वर्षांतल्या २७ सेकंदांसाठी केवढा हा खटाटोप!

भरतीचं म्हणाल तर काही फरक पडत नाही. तक्त्यात वेळ मिनिटांत असते, भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते, उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती) ते तिथीवरून कळतं, आणि वारा जोराचा असला तर तक्त्यातल्या वेळेत मिनिटांचा फरक तोच पाडतो. बोटीवरच्या जीपीएसची पण काळजी नको. त्याच्या सॅटेलाइटमधलं घड्याळ हे जास्तीचे सेकंद धरत नाही त्यामुळे ते १८ सेकंद पुढे आहे, पण मशीन तेवढे वजा करूनच टाइम दाखवतं, तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, त्यात हात घालायची गरज नाही.