बिजागरीचा गुडघा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आई ७१ वर्षांची आहे. २०१३ मध्ये तिचा उजवा गुडघा बदलला होता. आता तो सैल झालाय, आतल्या बाजूचं लिगामेंट गेलंय, हाडही झिजलंय. डॉक्टर ‘हिंज’ म्हणजे बिजागरीचा सांधा बसवू म्हणतात. हे सांधे लवकर निकामी होतात असं ऐकलं. दुसरं काही चालणार नाही का?
(वाचक, सोलापूर)

उत्तर : ऐकलंत ते निम्मं खरं आहे. नेहमीच्या बदललेल्या गुडघ्यात मांडीच्या हाडावर धातूची टोपी, नडगीवर धातूची बैठक आणि मध्ये प्लास्टिकची गादी असते. वरचा आणि खालचा भाग एकमेकांना कशानेच जोडलेले नसतात. त्यांना जागेवर धरतात ती पेशंटची स्वतःची लिगामेंट्स, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे चिवट पट्टे. आतल्या बाजूचं लिगामेंट पूर्ण गेलं, तर गादी कितीही जाड घाला, गुडघा त्या बाजूला उघडतच राहतो. मधला पर्याय आहे तो गादीला उंच खुंटी असलेल्या सांध्याचा. लिगामेंट ढिलं पण शिल्लक असेल, तर तो पुरतो. लिगामेंट नसेलच, तर सगळा ताण त्या प्लास्टिकच्या खुंटीवर येतो आणि ती झिजते किंवा मोडते. आईंच्या बाबतीत डॉक्टर बिजागरी सुचवतात त्यामागे हे कारण असणार.

बदनामी झाली ती जुन्या सांध्यांमुळे. १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये वालडियस यांनी बसवलेली बिजागरी आणि तिच्या मागून आलेले बरेच सांधे दारासारखे फक्त उघडत-मिटत. चालताना गुडघा थोडा पिळतोही. ते पिळणं अडलं की सगळा जोर सिमेंट आणि हाडाच्या जोडावर जातो, आणि सांधा काही वर्षांत हलायला लागतो. आजची बिजागरी नडगीच्या बैठकीवर थोडी फिरते, त्यामुळे हा जोर बराच कमी झाला. संपला मात्र नाही. लिगामेंटचं काम वरचा आणि खालचा भाग जोडणारी पिन करते आणि तिचा भार हाडांच्या पोकळीत खोल उतरलेल्या लांब दांड्यांवर येतो.

आकडे बघू. पहिल्यांदाच बदललेले साधे गुडघे १०० पैकी ९५ च्या आसपास १० वर्षं टिकतात. बिजागरीच्या सांध्यांचे प्रसिद्ध झालेले १० वर्षांचे आकडे साधारण ५० पासून ९० टक्क्यांपर्यंत विखुरलेले आहेत. एवढा फरक का? कारण ही बिजागरी हाडाच्या कर्करोगात, जंतुसंसर्गानंतर, म्हातारपणी चुरा झालेल्या हाडात, सगळीकडे बसवली जाते. मुळात अवघड गुडघ्यांच्याच वाट्याला ती येते; सरळ गुडघ्याच्या निकालाशी तिची तुलना करणं अन्यायाचं आहे. म्हणून सर्जनना ‘किती वर्षं टिकेल’ याआधी तीन गोष्टी विचारा. पहिला सांधा कशामुळे सैल झाला? जंतुसंसर्ग नाही हे ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या करून आणि गुडघ्यातलं पाणी काढून तपासलंय का? आणि हाड गेलंय ती पोकळी कशाने भरणार? नुसतं सिमेंट थापण्यापेक्षा हाडाच्या रुंद तोंडाशी घट्ट बसणारा धातूचा शंकूसारखा भाग (कोन) किंवा बाहीसारखा भाग (स्लीव्ह) असेल, तर दांड्यांवरचा भार वाटला जातो.

प्रश्न : बिजागरी बसवल्यावर मांडी घालून बसता येईल का?
(वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही, आणि तसा हट्टही धरू नका. बहुतेकांचा गुडघा ९० ते ११० अंश वाकतो. सपाट चालायला ६५ च्या आसपास, खुर्चीतून उठायला ९० ते ९५ अंश लागतात. तेवढं मिळालं की घरातली कामं होतात. कमोड मात्र हवाच. दाबून दाबून वाकवण्याच्या नादात खरी मेहनत राहून जाते: पाय पूर्ण सरळ करण्याची. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबून मांडीचा स्नायू आवळा, ५ ते १० सेकंद धरा. असं १० वेळा, दिवसातून तीन-चारदा. वाटीखालची शीर (रक्तवाहिनी नव्हे, वाटीला नडगीशी जोडणारा जाड दोर) किंवा तिथलं हाड ऑपरेशनमध्ये सोडवून परत जोडलं असेल, तर पाय ताणून उचलणं आणि वाकवणं कधी सुरू करायचं ते सर्जनना विचारूनच ठरवा. ती शीर तुटली, तर उत्तम बसलेला सांधाही निरुपयोगी होतो.

प्रश्न : लहानपणी पोलिओ झालेला. गुडघा मागे वळतो, खूप दुखतो. बिजागरीने सरळ होईल?
(वाचक, नांदेड)

उत्तर : सरळ होईल, पण तेवढ्यावर खूश होऊ नका. मांडीचा स्नायू कमजोर असला की माणूस गुडघा मागे ढकलून, एक प्रकारे कुलूप लावून उभा राहतो. सांध्याने ते मागे जाणं पूर्ण बंद केलं, तर कुलूपच काढून घेतल्यासारखं होतं. पाऊल टाकताना गुडघा पुढे दुमडतो आणि माणूस पडतो. म्हणून काही सर्जन मुद्दाम थोडे अंश मागे जाऊ देतात. पण मागे जाण्याच्या अडसरावर प्रत्येक पावलाला ठोका बसतो, आणि पोलिओच्या पायाची हाडं बारीक, ठिसूळ असतात. स्नायूची ताकद पाचपैकी शून्य ते दोनच असेल, तर आधी कॅलिपर (पायाला बाहेरून आधार देणारी पट्टी) घालून दुखणं किती कमी होतं ते पाहावं.

प्रश्न : ऑपरेशनला १४ दिवस झाले. टाक्यांतून पाणी येतंय. जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलंय, सुरू करू का?
(वाचक, जळगाव)

उत्तर : ऑपरेशन केलेल्या सर्जनना आजच दाखवा, गोळी त्याआधी नको. गुडघ्यातलं पाणी तपासायला जाण्यापूर्वी अँटिबायोटिक पोटात गेलं, की जंतू कल्चरमध्ये, म्हणजे ते वाढवून बघायच्या तपासणीत, बऱ्याचदा उगवत नाहीत आणि कोणतं औषध लागू पडेल ते कळत नाही. पहिल्या तीन-चार आठवड्यांत गुडघा उघडून धुतला आणि प्लास्टिकचे भाग बदलले, तर सांधा वाचण्याची शक्यता असते. उशीर झाला की लांब दांडे काढावे लागतात, आणि त्यात चांगलं हाडही जातं. ताप आणि थंडी असेल, तर मात्र रात्र काढू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : सहा वर्षं सांधा छान होता. आता चालताना टक-टक आवाज येतो आणि गुडघा किंचित मागे जातो. दुखत नाही.
(वाचक, बेळगाव)

उत्तर : दुखत नाही म्हणून थांबू नका. पिनेभोवती प्लास्टिकच्या बुशिंग, म्हणजे नळीसारखी अस्तरं असतात. त्या झिजल्या की पिन खुळखुळते. क्ष-किरणात दांडे घट्ट दिसले आणि जंतुसंसर्ग नसला, तर बहुतेक सांध्यांत फक्त बुशिंग आणि गादी बदलता येते, दांड्यांना हात लावावा लागत नाही. पुढे ढकललंत, तर धातूवर धातू घासतो, पिन मोडू शकते. मात्र एका कंपनीच्या बुशिंग दुसऱ्या कंपनीच्या सांध्यात बसत नाहीत, कधी तर एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या मॉडेलच्याही नाहीत. त्यामुळे जुन्या फाइलमधली ऑपरेशनची नोंद आणि इम्प्लांटचे स्टिकर शोधा. त्यावर भागाचा क्रमांक, साइज आणि लॉट नंबर असतो. स्टिकर सापडले नाहीत, तर ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात दाखल झाल्याची तारीख देऊन अर्ज करा.