मुसळधार पावसात रिअर-व्हील-ड्राइव्ह स्पोर्ट्स कार वळणावर मागून घसरू नये म्हणून काय करावं?

वळणाआधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करा आणि स्टिअरिंग पुन्हा सरळ होईपर्यंत ॲक्सिलरेटर अगदी हलका ठेवा. कारण गाडी ढकलणं आणि वळणात मागचा भाग धरून ठेवणं, दोन्ही कामं मागच्याच टायरांकडे असतात. ओल्या रस्त्यावर जास्त ताकद दिली की पकड सुटते. घाबरून पाय झटकन काढणंही तितकंच वाईट: वजन पुढे सरकतं, मागचे टायर हलके होतात. वरचा गिअर वापरा, ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरून फिरू लागली की ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा) चालूच ठेवा. मात्र साचलेल्या पाण्यावर टायर तरंगले तर ही यंत्रणाही फारशी कामाची नाही, आणि रुंद टायर लवकर तरंगतात. टायरवरच्या खाचांची कायदेशीर किमान खोली अनेक देशांत १.६ मिमी आहे. पावसात मी ३ मिमीपेक्षा कमी खोलीवर अशी गाडी काढणार नाही.