माझ्या सुखाची किंमत काय?

प्रश्न : वय ४७. सरकारी खात्यात कारकून आहे. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात वडिलोपार्जित घर, डोक्यावर कर्ज नाही. चुलतभाऊ पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडला गेला, गावात त्याने दुमजली घर बांधलं. मी संध्याकाळी देवळात भजनाला पखवाज वाजवतो. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीचं, सामान स्वतः रानातून आणतो, कांगलां ही रानवेलीची फळं कुठल्या डोंगरावर पिकतात ते मला ठाऊक आहे. मी सुखात आहे. पण मेहुणे म्हणतात, ‘हे सुख नव्हे, आळस आहे.’ ते मनातून जात नाही. अशा साध्या सुखाला काही किंमत असते का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातलं कांगल्यांचं वाक्य मी दोनदा वाचलं. चवथीच्या आधी फोंड्याच्या बाजारात माटोळीचं सामान आयतं मिळतं. तरी तुम्ही पावसात रानात जाता, केवणीच्या झुडपाची साल सोलून दोर काढता आणि गणपतीच्या वरच्या चौकटीला नारळांची पेंड, सुपारीचं शिपटं, तोरिंग, आंबाडे एकेक करून बांधता. फळ जड असेल तर गाठ कुठे मारायची, हे हातालाच कळावं लागतं. आळशी माणूस या वाटेला जात नाही.

अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठं बक्षीस लागलेल्या २२ जणांचा एक अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. बक्षीस न लागलेल्यांपेक्षा ते फारसे सुखी नव्हतेच, शिवाय मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, मासिक वाचणं यांत त्यांना इतरांहून कमी गोडी वाटत होती. माणसं मोजकीच होती, त्यावरून सिद्धान्त मांडायला मी धजणार नाही. पण रोजच्या गोष्टींची गोडी ही मिळकतच आहे आणि ती तुमच्याकडे आहे, एवढं मला नक्की वाटतं.

चुलतभावाला मात्र यात कमी लेखू नका. घरदार सोडून परमुलखात राबणं सोपं नाही, त्याचं घर त्याच्या घामाचं आहे.

मला काळजी आहे ती वेगळीच. पत्रात पत्नीचा उल्लेख नाही. तुम्ही भजनाला बसता तेव्हा घरातली म्हातारी माणसं, मुलांचा अभ्यास, उद्याची भाजी हे कोण बघतं? तुमच्या निवांतपणाचा भार त्या एकट्या वाहत असतील, तर मेहुण्यांचं बोलणं अगदीच टाकाऊ नाही. पत्नीला आजच विचारा, आणि त्या उत्तर देत असताना मध्ये बोलू नका. मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काय टाकलंय, तेही दोघांनी मिळून कागदावर मांडा.

तिथे सगळं ठीक असेल, तर मेहुण्यांशी वाद घालत बसू नका. यंदा रानात जाताना त्यांच्या मुलांना सोबत न्या. कांगल्यांची वेल दाखवणारी माणसं आता गावोगाव कमी होत चालली आहेत.