कासला जायच्या आधी, थोडं बोलू दे

बेटा,

तू सप्टेंबरात कासला जाऊन राहिली म्हणून कळलं, लई बरं वाटलं. महाराष्ट्र एक्सप्रेसने इथून थेट सातारा, तिथून वर पठार, १२०० मीटरच्या आसपास. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे, पण तू सगळ्यांसारखं फुलांचे गालिचे बघून परत येऊ नकोस.

आधी खाली बघ. सगळा जांभा खडक, त्यावर बोटभर माती, कुठं तेवढीही नाही, आणि पावसाळ्यात पाणी साचून दलदल होते, पण त्या पाण्यात झाडाला खायला नत्र फारसं नसतंच. म्हणून तिथली काही झाडं बघ काय करतात, जीव धरून खातात, सीतेची आसवं म्हणजे ते निळं-जांभळं फूल, त्याला खरी मुळंच नाहीत, चिखलात बारीक बारीक फुगे असतात आणि पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की डोळ्याची पापणी लवायच्या आधी त्याला आत ओढतात. दवबिंदू नावाचं झाड आहे, त्याच्या पानावर चिकट थेंब असतात, किडा बसला की पान हळूहळू गुंडाळतं. गेंद नुसता पांढऱ्या बटणासारखा दिसतो, तो ओळखायला भिंगच लागतं, घाई करून नाव ठोकू नको. वायतुरा बघायचा असेल तर जुलै-ऑगस्टात जावं लागेल, त्याचा तुरा वर दुभंगलेला असतो.

एक सांगतो, पहिल्यांदा गेलो तेव्हा फुगे बघायच्या नादात मी सीतेच्या आसवांचा एक झुपका उपटला, तर मातीचा अख्खा थरच हातात आला आणि खाली खडक उघडा पडला. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. तू उपटू नको, ओल्या भागात पायही ठेवू नको, पायवाटेवरूनच पोटावर झोपून फोटो काढ, फुलाचा, पानाचा, आणि ते कशात उभं आहे त्याचाही, पाणी किती खोल ते वहीत लिही.

आणि त्याच्या आधी एक रविवार भंडाऱ्याकडे चल माझ्यासोबत. धानाच्या बांध्यांच्या काठावर गेंद सापडतो, सीतेच्या आसवांची भावंडंही सापडतात, नजर तिथेच बसव ना, मग कासला एका हातभर जागेत दोन तास जातील तुझे. भिंग माझ्याकडे आहे, दहापटीचं, शनिवारी येऊन घेऊन जा, गमबूट तेवढे तुझे आण.